दाराजवळचा वाफा

निकासिया नोरालेस हिची दृष्टी जात चालली आहे, ही गोष्ट सातासमुद्रापारच्या त्या किनाऱ्यावरच्या गावात एकाच व्यक्तीला ठाऊक होती, आणि ती व्यक्ती म्हणजे स्वतः निकासिया. दुधावर साय धरावी तसा दोन्ही डोळ्यांवर हळूहळू पडदा धरत गेला होता. समुद्र तिला आता दिसत नसे, नुसता उजळत असे. माणसे चेहऱ्यावरून नव्हे, चालीवरून ओळखू येत. रंग तर समारंभ आटोपल्यावर पाहुण्यांनी न सांगता उठून जावे तसे एकेक करून निघून गेले होते. प्रथम निळा गेला, मग हिरवा आणि तांबडा यांतला भेद गेला.

तरीही बाहेरून पाहणाऱ्याला तिच्या दिनक्रमात काहीही उणे दिसले नसते. पहाटे ती चूल पेटवी, नारळ एका घावात फोडी, खवलेल्या खोबऱ्याचे दूध पिळून काढी. पानओवा ती वासावरून खुडी. मिरची पिकली की नाही हे बोटांच्या चिमटीत धरून तिला कळे, आणि कालवणाला उकळी कितपत आली आहे हे ती भांड्याच्या आवाजावरून सांगे. शिळे अन्न त्या घरात कधी पानात पडले नव्हते. सकाळी वाडीतून जे उकरावे, दुपारी तेच शिजावे, आणि शिजल्यावर ते आधी दुसऱ्याच्या पानात पडावे, हे तिचे व्रत होते. त्या व्रताला तिने कधी नाव दिले नाही. ज्यांचे सारे जीवन व्रतस्थ असते त्यांना व्रताचे नाव ठाऊक नसते, हे आपण अनेकदा पाहतो.

लपवण्याचे कारण एकच होते. तिची मुलगी मिर्ता ही ला सेइबा नावाच्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात कामाला होती आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होती. गतवर्षीच्या वादळानंतर ती आईला भेटायला आली, तेव्हा निघताना बसच्या पायरीवर उभी राहून म्हणाली होती, "आई, यापुढे तुझ्या हातापायाला, डोळ्याला जरा जरी काही झालं ना, तर मी काही ऐकून घेणार नाही. घराला कुलूप लावीन, वाडी कुणाला तरी कसायला देईन आणि तुला घेऊन जाईन. हे शेवटचं सांगतेय."

निकासियाने त्या दोन खोल्या एकदा पाहिल्या होत्या. तिथे माती विकत आणून पत्र्याच्या डब्यात भरीत. त्या डब्यातल्या पुदिन्याकडे पाहून तिला तुरुंगातल्या माणसाला भेटून आल्यासारखे वाटले होते.

यंदा ईस्टरच्या सुट्टीत मिर्ताने आपल्या दोन्ही मुली आजीकडे पाठवल्या. थोरली देल्मी चौदा वर्षांची, बोलायला मोजकी आणि पाहायला तीक्ष्ण. धाकटी आरेली सहाची, अखंड बडबडी. नातींच्या येण्याने निकासियाला जितका आनंद झाला तितकीच धास्ती वाटली. म्हाताऱ्या डोळ्यांना फसवणे सोपे असते, तरुण डोळ्यांना नाही.

पहिल्याच दिवशी आरेलीने चित्र काढून तिच्यापुढे धरले. "आजी, ओळख बघू काय काढलंय?"

निकासियाने कागद हाती घेतला, मान तिरपी केली आणि गंभीर होऊन म्हणाली, "तुझी आजी."

"ही होडी आहे!"

"मग बरोबरच आहे. वय झालं की मी अशीच रुंद दिसते."

आरेली हसत सुटली. देल्मी हसली नाही. दुपारी ती सुई आणि दोरा घेऊन आजीजवळ येऊन बसली. "आजी, माझ्या झग्याचं बटण तुटलंय. एवढा दोरा ओवून देतेस?"

"तुझी आई कपड्यांच्या कारखान्यात काम करते आणि तुला सुई ओवता येत नाही? कुणाला सांगू नकोस हो. घराण्याची अब्रू जाईल."

"येते की. पण तू ओव ना."

"मी ओवलं तर तू कधी शिकणार?" असे म्हणून निकासिया भांडी आवरायला उठली. पाठीवर नातीची नजर उन्हासारखी टेकलेली तिला जाणवत होती. संध्याकाळी अंगणातून देल्मीचा फोनवरचा दबका आवाज तिच्या कानी आला: "अजून नक्की नाही कळलं, आई. हो. लक्ष आहे माझं."

म्हणजे पोरीला हेरगिरीसाठीच पाठवले होते. निकासियाला राग आला नाही. तिच्या मुलीच्या जागी तीही असती तर तिने हेच केले असते. मात्र त्या दिवसापासून घरातला प्रत्येक क्षण तिला परीक्षेसारखा जाऊ लागला. ती पाण्याचा पेला उचलताना घाई करी ना, उंबरठा ओलांडताना थांबे ना. पावले ठरलेली आणि शब्द ठरलेले.

आणि या साऱ्या परीक्षेहून मोठी अशी एक भीती तिच्या मनात वर्षभर दबा धरून बसली होती. त्या भीतीचे मूळ घराच्या मागल्या दाराजवळच्या वाफ्यात होते.

त्या किनाऱ्यावरच्या लोकांचे अन्न म्हणजे कसावा. ज्या कंदाचा आपण उपवासाला साबुदाणा खातो, तोच हा. परंतु त्याच्या दोन जाती असतात. गोडा कसावा उकडून खाता येतो. कडवा कसावा नुसता उकडून खाल्ला तर माणूस दगावू शकतो. म्हणून तो किसावा लागतो, वेताच्या लांब पिळणीत भरून तुळईला टांगावा लागतो, त्यातला विषारी रस थेंबथेंब गळून जाऊ द्यावा लागतो, आणि मगच उरलेल्या पिठाची भाकरी लोखंडी तव्यावर भाजली जाते. ती भाकरी त्या लोकांना नैवेद्याइतकी पूज्य आहे. मृतांच्या पूजेतही ती लागते आणि बाळाच्या पहिल्या घासातही. विषाच्या पोटी असे अन्न जन्माला यावे, यात सृष्टीची काही लीला असावी. त्या लीलेपुढे नमून तिथल्या पूर्वजांनी एक मर्यादा घालून दिली: गोडा कसावा दाराजवळ, कडवा कुंपणापलीकडे. पोरांच्या हाती कोयता येण्याआधी त्यांच्या कानी ही मर्यादा पडते.

गतवर्षी वादळात समुद्र वाडीत शिरला आणि खाऱ्या पाण्याने सारे बेणे कुजवून टाकले. तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या दोमितिलाने, निकासियाच्या बालमैत्रिणीने, तिला बेण्याच्या दोन मोळ्या दिल्या. गोड्याची केळीच्या सोपटाने बांधलेली, कडव्याची चिंधीने. दोन्ही मोळ्या डोक्यावर घेऊन निकासिया घरी आली, आणि कुंपणाच्या आडव्या काठीत पाय अडकून पडली. मोळ्या सुटल्या. दांडे एकमेकांत मिसळले.

त्या गावच्या जातींत कडव्याच्या पानांचा देठ तांबडा असतो आणि गोड्याचा हिरवा. पान नसलेल्या नुसत्या दांड्यावरही, डोळ्यापाशी, तो रंग किंचित उतरलेला असतो. ज्याला दिसते त्याला तेवढे पुरते. निकासिया जमिनीवर बसून दांडे हातांनी चाचपत राहिली. उठून दोमितिलाकडे जावे आणि "मला निवडून दे" म्हणावे, एवढे सोपे काम होते. पण दोमितिलाने विचारले असते, तुला का नाही दिसत? आणि दोमितिलाला कळले की गावाला कळणार, गावाला कळले की शहराला. निकासियाने स्वतःला समजावले की आपल्या हातांना कळते. तिने दांडे निवडले, अर्धे दाराजवळ लावले, अर्धे कुंपणापलीकडे.

दाराजवळचा वाफा वर्षभर जोमाने वाढला. त्यातला एकही कंद तिने उकरला नाही. उकरून, कच्चा तुकडा जिभेवर ठेवून खरे-खोटे करता आले असते. पण उकरले की कळणार, आणि कळले की मान्य करावे लागणार. म्हणून ती कसावा बाजारातून विकत आणी. गुडघ्यांच्या दुखण्याने दोमितिला तिच्या घरी क्वचितच येई, पण गावातली बातमी तिच्याकडे आपल्या पायांनी चालत जाई.

ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहातल्या बुधवारी होड्या लागायची वेळ झाली तशी निकासिया टोपली घेऊन किनाऱ्यावर निघाली. नातींना तिने बजावले, "मी आले की मग चूल पेटवायची. तोवर अंगण झाडून ठेवा." आरेलीने विचारले, "आज काय करणार?" "नारळाच्या दुधातलं मासळीचं कालवण आणि कुटलेली केळी." "आणि कसावा?" "बघू," एवढेच निकासिया म्हणाली.

किनाऱ्यावर दोमितिला वाळूत ओंडक्यावर बसलेली होती. लांबूनच म्हणाली, "ये, ये, राणीसरकार. ऐकलं का, ही बाई कसावा विकत आणते. दारात कंद मांडीएवढे झालेत आणि ही बाजारात रांग लावते."

"माझा कंद अजून लहान आहे."

"लहान आहे म्हणे. पुढच्या वर्षी शाळेत घालशील का त्याला? मी दिलेलं बेणं आहे, निकासिया. आठ-दहा महिन्यांत तयार होतं. तू त्याला नुसतं हात जोडत बसली आहेस."

जवळच्या बायका हसल्या. निकासियाही हसली. तिने माशांचे कल्ले बोटांनी उचकटून ताजेपणा पाहिला, दोन मासे निवडले आणि परतीच्या वाटेला लागली.

घराच्या वळणाशी तिला धुराचा वास आला. चूल पेटलेली होती. त्या धुरामागे दुसरा वास होता, उकडणाऱ्या कंदाचा, मातकट आणि गोडसर. निकासियाच्या हातातली टोपली खाली पडली. मासे वाळूत सांडले. ती ते उचलायला थांबली नाही.

मागल्या दारात देल्मी हात पुसत उभी होती. मोजकी पोर आज हसत होती. "आजी, तू काही म्हणू नकोस. मी केलंय. दाराजवळचाच उकरला हं, कुंपणापलीकडे गेलेसुद्धा नाही. आईनं सांगितलेलं आठवतं मला. तीन झाडं काढली. केवढे कंद निघाले बघ."

तिने नियम पाळला होता. पूर्वजांनी घालून दिलेली मर्यादा त्या मुलीने तंतोतंत पाळली होती. मर्यादा मोडली होती ती आजीने.

"आरेली कुठाय?"

"इथेच. भूक भूक करत होती म्हणून भांड्यातला एक तुकडा काढून दिला तिला. पुरता शिजलाही नव्हता."

उंबरठ्यावर आरेली बसली होती. तिचे तोंड हलत होते की नाही, हे निकासियाला दिसेना. ती गुडघ्यांवर बसली, मुलीचा जबडा हातात धरला, बोट आत घातले. तोंड रिकामे होते. "काय खाल्लंस? किती खाल्लंस?" आरेली घाबरून गप्प झाली. सदा बडबडणारी ती मुलगी गप्प झाली, हेच निकासियाला सर्वांत भयंकर वाटले.

"आजी, काय झालं?" देल्मीचा आवाज बदलला.

निकासियाने भांड्यात पळी घालून एक तुकडा काढला, फुंकर न घालता जिभेवर ठेवला. गोडा. दुसरा काढला. गोडा. तिसरा तोंडात घेतला आणि जिभेच्या मुळाशी एक कडवट रेघ उमटली. ती खरी होती की भयाची, हे तिला ठरवता येईना. तिने तो थुंकला. कोपऱ्यात सालींचा आणि उपटलेल्या दांड्यांचा ढीग पडला होता. तिने पानांसकट एक दांडा उचलला, दाराबाहेर आणला, उन्हात धरला, डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. उन्हात एक काळसर काठी होती. तिला रंग नव्हता.

क्षणभर तिच्या मनात असे आले, की पोरीला सांगावे, काही नाही ग, मिठाचं प्रमाण बघत होते. भांडे उपडे करावे, आरेलीला पाणी पाजावे आणि संध्याकाळपर्यंत वाट पाहावी. तो एकच क्षण होता. परंतु त्या क्षणात वाडी होती, चूल होती, समुद्राचा उजेड होता, आणि पत्र्याच्या डब्यातला पुदिनाही होता.

तिने दांडा नातीपुढे धरला. "देल्मी, या देठाचा रंग कोणता आहे, मला सांग."

"म्हणजे?"

"रंग सांग बाळ. मला दिसत नाही."

देल्मीने आजीच्या तोंडाकडे पाहिले. मग तिने दांडा घेतला. "हिरवा."

"दुसरा बघ."

"हिरवाच."

"तिसरा."

देल्मीने तिसरा दांडा उचलून उन्हात फिरवला. "तांबडा आहे, आजी," ती म्हणाली. "गर्द तांबडा."

निकासियाने आरेलीला उचलून कडेवर घेतले. सहा वर्षांची पोर त्या वयात तिला पेलणारी नव्हती, पण ती पेलली. "भांडं तसंच चुलीवरून उतरव. कशालाही तोंड लावू नकोस. माझा हात धर आणि मला आरोग्य केंद्राकडे घेऊन चल. मी पडले तर हिला घेऊन पुढे पळ."

गावच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी मोळ्या सुटल्यापासूनचे सारे शांतपणे ऐकून घेतले. मुलीची नाडी पाहिली, श्वास ऐकला, डोळे तपासले. "आत्ता तरी काही लक्षण नाही. पण मी हिला सोडणार नाही. इथेच, माझ्यासमोर बसवा. उलटी झाली, चक्कर आली, श्वास चढला, तर त्याच क्षणी त्रुहिल्योच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं." मासळीच्या व्यापाऱ्याची गाडी त्यांनी दारात आणून उभी करवली. चालक चाकावर हात ठेवून बसून राहिला.

मग वाट पाहणे सुरू झाले. वाट पाहणे ही डोळ्यांची क्रिया आहे, पण निकासियाला ती कानांनी करावी लागली. आरेलीचा प्रत्येक श्वास ती ऐकत होती. श्वास जरा रेंगाळला की तिचे बोट मुलीच्या नाकपुडीपाशी जाई. आरेली मांडीवर मुटकुळे करून पडली होती आणि काही विचारले तरी मान हलवी, बोलत नव्हती. देल्मी भिंतीला टेकून उभी होती.

"कधीपासून दिसत नाही तुला?" देल्मीने विचारले.

"तू मागच्या खेपेला आलीस तेव्हा दिसत होतं. त्यानंतर."

"आणि लावतानाच माहीत होतं तुला, की मिसळले असतील?"

"माहीत नव्हतं. शंका होती." निकासिया थांबली. "शंका होती म्हणूनच तर उकरले नाहीत. म्हणजे माहीतच होतं म्हण."

"मग मला का नाही सांगितलंस? मी आणली नसती का चांगली झाडं निवडून? मी काय फक्त चुगल्या करायलाच आलेय का?"

बाहेर काठीचा आवाज आला. दोमितिला येत होती. बातमी तिच्यापर्यंत पोहोचली होती आणि तिने आपले दुखरे गुडघे घेऊन आधी निकासियाचे घर गाठले होते, चूल विझवली होती, मग ती इथवर आली होती. तिच्या हातात काहीतरी लोंबकळत होते. तिने ते ओसरीवर ठेवले तेव्हा देल्मी दचकून मागे सरली.

"काय आहे?" निकासियाने विचारले.

"तुझी करडी कोंबडी," दोमितिला म्हणाली. "मागल्या दाराशी आडवी झालेली. साली टोचल्या असतील बयेनं."

नर्सबाई उठल्या, त्यांनी पुन्हा आरेलीची नाडी धरली. चालकाने गाडी सुरू केली. आणि त्या आवाजाने की कोंबडीकडे पाहून, आरेलीने एकदम रडायला सुरुवात केली. "मी मारलं तिला. मीच दिलं."

"काय दिलंस?" नर्सबाईंनी तिचा चेहरा आपल्याकडे वळवला. "नीट सांग राजा. कुणी रागावणार नाही."

"कसावा. मला आवडला नाही. कडू होता. म्हणून मी थुंकला. उरलेला तिला दिला." ती हुंदके देत देल्मीकडे पाहू लागली. "देल्मीनं पहिल्यांदा केला होता ना. तिला वाईट वाटलं असतं."

"गिळलास का थोडासा तरी?"

"नाही. तोंडपण धुतलं मी. बादलीत."

निकासियाने मुलीचे डोके छातीशी घट्ट धरले. ज्या जिभेवर आजीने पूर्ण विश्वास ठेवला नव्हता, ती जीभ त्या सहा वर्षांच्या मुलीजवळ होती. वंशाची देणगी डोळ्यांतून नाही, जिभेतून उतरली होती. तरीही नर्सबाईंनी त्यांना सोडले नाही. समुद्रावरचा उजेड कलेपर्यंत त्या चौघी तिथेच बसल्या, आणि आरेली पुन्हा बडबड करू लागली, कोंबडीचे दफन कुठे करायचे याची चर्चा करू लागली, तेव्हाच गाडीचा चालक घरी गेला.

वाटेत दोमितिला निकासियाचा हात धरून चालत होती. कोण कोणाला आधार देत होते हे सांगणे कठीण होते. "मोळ्या सुटल्या त्या दिवशीच का नाही आलीस?" ती म्हणाली. "मी काय खाल्लं असतं तुला?"

"तू गावभर केलं असतंस."

"केलं असतं," दोमितिलाने मान्य केले. "पण बेणं निवडून दिल्यावर."

दारापाशी देल्मी थांबली. फोन तिच्या हातात होता. "आजी, आईला सांगू का मी?"

"तू नको," निकासिया म्हणाली. "नंबर लावून दे. मीच सांगते."

मिर्ता दुसऱ्याच दिवशी पहिल्या बसने आली. ती आली तेव्हा मागल्या अंगणात गावच्या सात-आठ बायका बसल्या होत्या. दाराजवळचा सारा वाफा उपटला गेला होता. ज्या कंदाविषयी शंका असेल तो कडवाच समजावा, ही तिथली रीत. त्यामुळे गोडे-कडवे सारे कंद एकत्र सोलून, दगडाच्या कपच्या ठोकलेल्या फळ्यांवर किसले जात होते. तुळईला टांगलेल्या पिळणीतून रस ठिबकत होता आणि त्याच्याजवळ दोमितिलाने खुर्ची मांडून पहारा धरला होता. आरेलीला तिने तिथून दोन हात लांब बसवले होते. "एवढं पाऊल पुढे आलं की मी काठी मारते," असे ती दर थोड्या वेळाने सांगत होती.

मिर्ताने आधी आरेलीला उचलून घट्ट धरले. मग ती आईपाशी आली. तिचे डोळे सुजलेले होते, हे निकासियाला दिसले नाही, पण तिच्या आवाजावरून कळले. "मी काय सांगितलं होतं बसच्या पायरीवर?"

"आठवतंय."

"माझं लेकरू गेलं असतं, आई. तुझ्या एका हट्टापायी."

"हो." निकासियाने किसणीवरचा हात थांबवला. तिने समर्थन केले नाही, अश्रूही ढाळले नाहीत. "घेऊन चल मला. मी नाही म्हणत नाही."

या उत्तराची मिर्ताला अपेक्षा नव्हती. भांडण्यासाठी रात्रभर जमवलेले शब्द तिच्याजवळ तसेच राहून गेले. ती आईच्या शेजारी खाली बसली, बाह्या मागे सारल्या आणि एक कंद घेऊन किसू लागली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मोतीबिंदू काढतात शहरात. पट्टी बांधतात, थोडे दिवस घरी ठेवतात. सगळ्यांना दिसतंच असं नाही. पण बऱ्याच जणांना दिसतं."

"आणि नाही दिसलं तर?"

मिर्ताने पुढचा कंद उचलला. पिळणीतला रस बादलीत पडत राहिला.

भाकऱ्या भाजून झाल्या, वाटल्या गेल्या. पहिली देल्मीच्या हातात पडली. शनिवारी जायचे ठरले. त्या दिवशी सकाळी निकासियाने उपटलेल्या झाडांचे दांडे हाताएवढे तोडून अंगणात मांडायला लावले. देल्मी पाने पाहून एकेक दांडा उचली, रंग सांगे आणि बाजूला ठेवी. हिरवे इकडे, तांबडे तिकडे. आता मोळ्या बांधायच्या होत्या. देल्मीने दोर घेतला, मग थांबून विचार केला. तांबड्या देठांच्या मोळीच्या दोराला तिने ओळीने तीन मोठ्या गाठी मारल्या. गोड्याच्या मोळीला एकही नाही.

"हे कशाला?" आरेलीने विचारले.

"आजीच्या बोटांसाठी," देल्मी म्हणाली.

निकासियाने दोन्ही मोळ्यांवरून हात फिरवला. एक दोर सपाट लागला. दुसऱ्यावर बोटाखाली एक गाठ आली, मग दुसरी, मग तिसरी. तिने पुन्हा पहिल्यापासून हात फिरवला.

मोळ्या दोमितिलाच्या घराच्या सावलीच्या बाजूला उभ्या करून ठेवायच्या होत्या. उन्हात पडले तर दांडे सुकतात, सावलीत उभे राहिले तर काही आठवडे जीव धरून असतात. बस येण्याआधी निकासिया तिथे गेली. "दोर सोडू नकोस," ती म्हणाली. "कोणी मागितलं तरी यातलं देऊ नकोस. पाणी शिंपडत जा खालच्या टोकांना."

"आणि तू आली नाहीस तर?"

"दांडे सुकायच्या आत येते."

"आंधळी आलीस तर?"

"गाठी आहेत ना," निकासिया म्हणाली.

बसचा भोंगा वाजला. मिर्ता रस्त्यावरून हाक मारत होती. दोमितिलाने काठीने मोळ्या भिंतीशी आणखी आत सारल्या, जिथे दुपारचे ऊनही पोहोचणार नव्हते, आणि बादली भरून आणायला ती विहिरीकडे वळली.